बांधावरची हाक

शिरवणे,
४ फेब्रुवारी १९७९

जयू,

तुझं पत्र येऊन पडलंय, पन जवाब लिवायला हात धजला नाय. रागावू नको. आता लिवते ते शेवटपर्यंत वाच, मग मना काय बोलायचं ते बोल.

नंदीच्या बाबांचा आजार लय वाढला. आधी फेफऱ्याचा झटका यायचा तेव्हा नुसतं तोंड चघळल्यासारखं करायचे, कुठं तरी बघत राहायचे, आनि भानावर आले की विचारायचे, "काय झालं गं?" आता झटका सरला की अंगात राग शिरतो. त्या रागाला मानूस ओळखू येत नाय. परवा नंदीनं हसत हसत मागून गळ्यात हात टाकले, तर यांनी तिला उचलून भिंतीवर फेकली. पोरीचा दात पडला. मग तिलाच मांडीवर घेऊन ढसाढसा रडले. मना बोलले, "दुर्गे, मना माझीच भीती वाटते. मना बांधून ठेव."

तू तर बघितलंय हा मानूस कसा होता. आमी बाया ओहोटीला खुबे, कालवं असली शिंपली काढायला चिखलात उतरतो तेव्हा खाडीच्या बांधावर, भरती आली की हाक द्यायला हेच उभे राहायचे. आमच्या माना खाली, आनि पानी आधी आमच्या पाठीमागच्या ओहोळात भरतं. तो भरला की घरी यायची वाट बंद. हाक द्यायला धीट गडी कामाचा नाय. धीट गडी बोलतो, थांबा, अजून वेळ हाय. यांच्या पोटात आधी गोळा यायचा, मग हाक यायची. शेजारची जाईबाई "भितरा, भितरा" करून चिडवायची, पन हे बांधावर नसले तर तीच चिखलात पाय घालायची नाय.

आता मुंबईच्या इस्पितळातले मोठे डॉक्टर बोलतात, डोक्याला दोन बाजूंनी बारीक भोक पाडू, आत बदामाएवढा एक भाग हाय तो जाळू, राग तिथूनच निघतो. तू तिकडं माकडांच्या मेंदूचंच शिकतोस ना? मग सांग मना. आमी हो बोलू का नको?

तुझी बाय,
दुर्गा

•

बंगळूर,
१३ फेब्रुवारी १९७९

बाय,

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. नंदीला सांग, दात दुधाचा होता, नवा येईल, आणि मामा त्या दाताबद्दल एक मोठी बाहुली आणणार आहे.

आता ऑपरेशनचं. तू विचारलंस म्हणून सगळं सांगतो, अर्धवट सांगत नाही. कानाच्या वरच्या अंगाला, आत खोल, दोन्ही बाजूंना तो बदाम असतो. डोळ्यांनी साप पाहिला तर डोळे फक्त एवढंच सांगतात की काहीतरी लांब, काळं हलतंय. ते वाईट आहे, पळ, हे तो बदाम सांगतो. त्याच्या तारा काळजापर्यंत, घामापर्यंत, पायांपर्यंत गेलेल्या असतात. आणि फक्त भीतीच नाही गं. बोंबलाचं कालवण पुढे आलं की जीव सुखावतो ना, लेक धावत आली की पोटात हलतं ना, त्यातही त्याचा हात असतो. राग, भीती, आवड, सगळी एका चाळीत भिंतीला भिंत लावून राहतात. एका खोलीला आग लावली तर शेजारची वाचेल असं मला नाही वाटत.

आमच्याकडे एक माकडीण आहे. तिचं नाव मी पुतळा ठेवलंय. ऑपरेशनच्या आधी ती मला पिंजऱ्याजवळ फिरकू द्यायची नाही, हाताला अजून तिच्या नखांचे वण आहेत. आता गरीब गाय झालीय. पण रबरी साप टाकला तर उचलून तोंडात घालते. केळं आणि खिळा दोन्ही सारख्याच चवीने चाखते.

पोपटभावोजी शांत होतील, यात शंका नाही. ज्यांच्यावर हे ऑपरेशन झालंय ती माणसं शांत झाली असंच छापून आलंय. पुढे त्यांचं काय झालं ते फारसं कोणी लिहीत नाही. माणूस आणि माकड एक नव्हे, हेही खरं. तरी मला विचारशील तर नको. गोळ्या वाढवून बघा. मी मे महिन्यात येतो, आपण दोघं मिळून डॉक्टरांना भेटू. तोवर हो म्हणू नकोस. हात जोडतो.

जयप्रकाश

•

शिरवणे,
२ एप्रिल १९७९

जयू,

ऑपरेशन झालं. आधी हे सांगते, म्हंजे तुझा जीव टांगणीला नको.

तुझं पत्र पोचलं त्याच आठवड्यात यांनी कोयता उगारला. दंडावर निभावलं, टाके पडले, नंदीला मी दाराबाहेर ढकलली म्हनून ती वाचली. तुझा मे महिना मना लय लांब दिसला रे. तू लिवलंस "शांत होतील, यात शंका नाही." मी तेवढंच पुन्हा पुन्हा वाचलं. कागदावर सही यांनी स्वतः केली. इस्पितळातली नर्स बोलली, अक्षर काय सुंदर. मी बोलले, गावातले सगळे अर्ज हेच लिवतात, सातवी पास हायेत.

आनि काय सांगू! डोकं भादरलेलं, पट्ट्या बांधलेल्या, पन चेहरा असा की झोपलेलं लेकरूच. झटका एकदाच आला, बारका. राग नाय, आवाज चढवनं नाय. नंदीच्या हातून तांब्या यांच्या पायावर पडला, मी धावले, तर हे नुसते तांब्याकडं बघत बसले. मी घरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले, आनंदानं. गावदेवीला नारळ दिला. जाईबाईनं आख्ख्या आळीला भाकऱ्या आनि जिताड्याचं कालवण घातलं.

एक मात्र सांगते. माझा नवरा माकड नाय. तुझ्या त्या पुतळेचं पुन्यांदा लिवू नको.

बाय

•

बंगळूर,
११ एप्रिल १९७९

बाय,

कान पकडतो. पुतळेचं लिहिणार नाही. दंड कसा आहे? टाके काढले का? मी इथे बसून शहाणपण शिकवलं आणि कोयता तुझ्यावर आला. तुझ्या जागी असतो तर मीही हो म्हटलं असतं.

मे मध्ये येणं जमत नाही. सर परदेशी चाललेत, सगळं काम माझ्या गळ्यात आहे. तेवढं एक कळव. भावोजी पूर्वीसारखी तुझी थट्टा करतात का? कालवण पुढे आलं की पहिला घास घेऊन डोळे मिटायचे, तसे मिटतात का? सहज विचारतोय, मनाला लावून घेऊ नकोस. चुकलेला मीच असावा अशी देवाजवळ मागणी आहे.

जयू

•

शिरवणे,
१८ नोव्हेंबर १९७९

जयू,

लय महिने लिवलं नाय. तू विचारलेलं मना झोंबलं होतं. आता जवाब देते. नाय. थट्टा नाय आनि डोळे मिटनं पन नाय.

जे वाढीन ते खातात. एकदा मीठ घालायचं राहिलं, खाल्लं. एकदा ऊन लागून आंबलेलं वाढलं गेलं, ते पन खाल्लं. मी विचारलं, वास नाय आला? बोलले, "आला." आधी दर शिमग्याला ज्या मानसाचे पाय ठरत नव्हते तो दसऱ्याला वाजंत्री दारावरून गेली तरी उंबऱ्यात उभा होता. नंदी ताप येऊन फणफणली, मी घागर टाकून वैद्याकडं धावले. परत आले तर हे तिच्या उशाशी बसलेले. पोरगी "बाबा, बाबा" करते, आनि हे तिच्या तोंडाकडं बघतात, कोनी भिंतीकडं बघावं तसं. मना बोलले, "ती असं तोंड का करते?"

पावसाळ्यात गोठ्यात घोणस निघाली. सगळे काठ्या घेऊन लांब उभे. हे गेले आनि हातानं उचलली. बाहेर नेऊन टाकली, चावली नाय ही देवीची किरपा. आता गाव यांच्या पाया पडतं. बोलतात, पोपटच्या अंगात देवीनं बळ घातलं, भितरा होता तो वाघ झाला. खाडी बुजवायला, भराव टाकायला सरकारी गाड्या आल्या तेव्हा लोकांनी यांना पुढं उभं केलं. ट्रक अंगावर आला, हे हलले नाय. ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला. लोकांनी टाळ्या वाजवल्या रे. मी गटारीत बसून ओकले.

मी कोनाला सांगू की हे बळ नाय, ही राख हाय? सांगितलं तर बोलतात, दुर्गे, तुला नवऱ्याचं चांगलं बघवत नाय.

आनि आता बाया मागं लागल्यात, बांधावर पुन्हा यांनाच उभं कर. हे आजारानं घरी बसल्यावर दुसरा गडी ठेवला तो विडी ओढत बसतो. जाईबाई बोलते, आपला मानूस तो आपला. काय करू? घरात बसून बसून हे जमिनीत रुतल्यासारखे झालेत. काम मिळालं तर मानूस जागा होईल असं मना आतून वाटतं. खोटं वाटत असंल तर तसं सांग.

बाय

•

बंगळूर,
२९ नोव्हेंबर १९७९

बाय,

खोटं सांगवत नाही आणि खरं लिहवत नाही. तो बदाम परत उगवत नाही गं. जळलेला भाग जळला. भावोजी पूर्वीसारखे होतील ही आशा मी तुला देऊ शकत नाही, दिली तर मी तुझा भाऊ नाही.

वचन मोडतो, एकदाच. पुतळा मेली. सरांनी तिला कळपात सोडून बघायचं ठरवलं. मोठ्या नराने दात विचकले, बाकीची माकडं मागे सरली, आणि ही त्याच्या समोरून केळं उचलायला गेली. त्याचा चेहरा तिला दिसत होता, पण त्यात काय लिहिलंय ते तिला वाचता येत नव्हतं. मी जाळीबाहेर उभा राहून ओरडत होतो. त्या दिवसापासून मला हे काम नकोसं झालंय.

म्हणून बांधावर भावोजींना उभं करू नकोस. पाणी आलेलं त्यांना दिसेल. डोळे उत्तम आहेत, अक्कलही आहे. पण त्या पाण्याने पोटात गोळा येणार नाही, आणि तुमची हाक तर त्या गोळ्यातूनच निघायची.

बाया ऐकतच नसतील तर एक उपाय सुचतो. भीती गेली तरी ठरवून शिकवलेलं राहतं. आमची माकडं पण दिवा लागला की कळ दाबायला शिकतात. ओहोळात एक खुंट रोव, त्यावर ठळक खूण कर. भावोजींना सांग, पाणी खुणेला लागलं की हाक द्यायची. विचार करायचा नाही, वाटायची वाट बघायची नाही. आधी तू बांधावर बसून पुष्कळ वेळा करून घे. आणि खाली उतरण्याआधी दर वेळी खुंट जागेवर आहे का ते बघ. यात हयगय नको.

जयू

•

शिरवणे,
२१ फेब्रुवारी १९८०

जयू,

तुझ्या तोंडात साखर! जमलं रे. ओहोळाच्या तोंडाशी बाभळीचा खुंट रोवला, होडीला लावायचं डांबर आनून काळा पट्टा मारला. आधी मी शेजारी बसले. पानी पट्ट्याला लागलं की यांच्या दंडाला हात लावायची आनि बोलायची, द्या हाक. मग हात लावायचा सोडला. आता पट्टा भिजला की हाक येते, चुकत नाय. बाया खूश. जाईबाई जाता येता यांच्या हातावर कायतरी ठेवते, हे खातात.

फक्त हाक तशी नाय. आधी ती ऐकली की काळीज लकलकायचं, चिखलातून पाय आपोआप निघायचे. आता शाळेची घंटा वाजल्यावानी येते. बाया बोलतात, मेल्या, जरा जीव घालून ओरड की! हे बोलतात, "ऐकू आलं ना?"

खुंट खालून दिसत नाय, तिवरांची झाडं आड येतात, बांधावरूनच दिसतो. म्हनून उतरायच्या आधी मी यांनाच विचारते, खुंट दिसतो का? हे "दिसतो" बोलले की पाय घालते. भरावाच्या गाड्या आता पार बांधापर्यंत येतात. खाडीची माती करायची, त्यावर इमारती व्हायच्या. नवी मुंबई होनार बोलतात. आमचे खुबे कुठं जानार ते कोनी सांगत नाय.

तुला एक सांगते, हसू नको. काल मी मुद्दाम यांना शिवी दिली. बोलले, भितऱ्या! वाटलं, चिडतील, धपाटा घालतील, नायतर पूर्वीसारखं बोलतील, "तुझ्यापुढं कोन धीट राहील गं!" हे जेवत राहिले. जयू, मी कोयत्याचा वण हातानं चाचपला आनि मना वाटलं, तो मानूस निदान माझा होता. राग होता, पन रागावून रडायचा तरी. यांनी एकदा, एकदाच माझी थट्टा करावी. दुसरं काय पन मागनं नाय माझं.

बाय

•

बंगळूर,
५ मार्च १९८०

बाय,

हसलो नाही. पत्र खिशात घेऊन फिरतोय.

मी नोकरी सोडतोय. मे मध्ये कायमचा परत येतो, तुमच्याकडेच राहीन, जवळपास कुठल्या शाळेत शिकवीन. भावोजींना मी सांभाळतो, तू जरा श्वास घे. नंदीची बाहुली घेऊन ठेवलीय, निळ्या डोळ्यांची.

फक्त एक. खुंट त्यांना विचारू नकोस. स्वतः बांधावर चढून स्वतःच्या डोळ्यांनी बघ. मला उगाच धास्ती वाटते म्हण हवं तर. मी भितराच बरा.

तुझा जयू

•

मु. पो. शिरवणे,
२६ मार्च १९८०

श्री. जयप्रकाश यांस,

पोपट याचा नमस्कार. आपणांस कळवण्यात येते की आपली बहीण दुर्गा अमावास्येच्या उधाणात खाडीत बुडाली. जाईबाईही बुडाल्या. बाकीच्या बायका तिवरांना धरून राहिल्या, त्या वाचल्या. दोघींचे दहावे झाले. आपला पत्ता सापडण्यास वेळ लागला, त्यामुळे उशीर झाला.

लोक म्हणतात की मी हाक दिली नाही. हे बरोबर आहे. कारण पुढीलप्रमाणे. त्या दिवशी खुंट नव्हता. भरावाची माती ओहोळाच्या तोंडाशी पडली होती, तिच्याखाली गेला असावा. उतरताना दुर्गाने मला नेहमीप्रमाणे विचारले, "खुंट दिसतो का?" मी म्हटले, "नाही." तेव्हा ती माझ्याकडे बघत राहिली आणि हसायला लागली. तिला ती थट्टा वाटली. ती जाईबाईंना म्हणाली, "बघ गं, आज किती दिवसांनी माझी थट्टा केली." तिने बांधाच्या उतारावरूनच हात वर करून माझ्या गालाला लावला. ती खुंट बघायला बांधाच्या माथ्यावर चढणार होती, पण मग चढली नाही. हसत खाली गेली. तिच्या डोळ्यांत पाणी होते. मी थट्टा केली नव्हती.

पाणी चढलेले मला दिसत होते. ओहोळ भरला तेही दिसले. पट्टा नव्हता, म्हणून हाक कधी द्यायची हे ठरवता आले नाही. जाईबाई चिखलात रुतल्या होत्या. दुर्गाला पोहता येते, पण तिने त्यांचा हात सोडला नाही. तिने माझ्याकडे बघून हात हलवला. मीही हात हलवला. तिचे तोंड उघडे होते, डोळे मोठे झाले होते. असे तोंड कशासाठी करतात हे मला पूर्वी ठाऊक होते. मी आठवून पाहिले.

आपण मला रागवाल असे सर्व म्हणतात. रागवावे. माझी हरकत नाही. गावातील लोक आता माझ्या पाया पडत नाहीत.

मला रडू आले नाही, हे आपणांस खरे कळवतो. ती घरात नाही हे लक्षात येते. भाताला मीठ कमी असते की जास्त हे कोणी विचारत नाही. मी तिच्या पाटावर बसून पाहिले. पाट पाटासारखाच आहे. आपण या विषयाचे शिकलेले आहात, म्हणून विचारतो. मला काही वाटायला हवे असेल तर ते कसे करायचे ते कळवावे. तिने मला खुंट शिकवला तसे शिकवले तर मी शिकेन.

मी नवा खुंट रोवला आहे. पट्टा त्याच उंचीवर मारला आहे. पण चिखलात आता कोणी उतरत नाही.

नंदिनी माझ्याजवळ झोपत नाही, शेजाऱ्यांच्या घरी झोपते. ती भरतीच्या वेळी बांधावर जाते आणि ओरडते. आई, ये, पाणी आलं, असे ओरडते. अंग थरथरते तिचे, घसा बसला आहे. तिची हाक लांबपर्यंत जाते, पलीकडच्या होड्यांतले लोकही वळून बघतात. मी तिला सांगितले की खाली कोणी नाही, ओरडू नकोस. ती ऐकत नाही. मी शेजारी उभा राहतो.

आपण मे मध्ये येणार असल्याचे पत्र मिळाले. बाहुली आणावी.

आपला,
पोपट